गॅस भरण्याआधी

गाडीचा एसी बिघडला की निदान गाडी गॅरेजात शिरण्याआधीच झालेलं असतं. मालक म्हणतो, "गॅस संपलाय वाटतं." शेजारी म्हणतो, "गॅसच असणार, माझ्याही गाडीचं असंच झालं होतं." गॅरेजातला पोरगा बॉनेट उघडायच्या आधी निळ्या-लाल नळ्यांचं गेज ओढत आणतो. गॅस भरला जातो, बिल होतं, दोन दिवस बरे जातात आणि तिसऱ्या दिवशी सिग्नलला उभं असताना डॅशबोर्डच्या जाळीतून पुन्हा गरम वारा यायला लागतो.

एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्चही होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. रबरी होज आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून थोडाफार झिरपतो, तेवढाच. एकदम कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाय, आणि गळलेला गॅस दुसऱ्या दिवशी सकाळी परत येत नाही. म्हणूनच 'सकाळी ऑफिसला जाताना गारेगार, दुपारी भट्टी, रात्री पुन्हा ठीक' अशी तक्रार ऐकली की जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन गेजकडे बघत नाही, टेस्ट लॅम्प काढतो. याला एक अपवाद आहे: गॅसमध्ये ओलावा शिरला असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात बर्फ धरतो, वाट बंद होते, आणि बर्फ वितळला की एसी परत चालू लागतो. तो सोडला, तर येणारा-जाणारा बिघाड आधी तारेत, कॉइलमध्ये, रिलेच्या टोकांत किंवा एखाद्या सेन्सरमध्ये शोधायचा असतो.

मोटारीतल्या पहिल्यावहिल्या एसीला हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या अखेरीस, १९४० च्या मॉडेलसाठी, कारखान्यातूनच एसी बसवून द्यायला सुरुवात केली. त्याचे २७४ डॉलर वेगळे मोजावे लागत. कूलिंग कॉइलने डिकीची बरीच जागा खाल्ली होती. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे इंजिन सुरू असेपर्यंत तोही फिरत राही. थंडीच्या दिवसांत त्याला थांबवायचं तर गाडी उभी करून, बॉनेट उघडून, पट्टा हाताने उतरवून ठेवावा लागे. दोनेक वर्षांत पॅकार्डने हा प्रकार गुंडाळला. पुढे पन्नासच्या दशकात कॉम्प्रेसरच्या पुलीत विजेचा चुंबक बसला आणि एसी बटणावर चालू-बंद होऊ लागला. सोय झाली खरी, पण एसीला विजेचे आजार जडले ते तेव्हापासून.

हा चुंबकी क्लच नीट समजला की निम्मं काम झालं. इंजिनाच्या पट्ट्यावर पुली कायम फिरत असते. तिच्या पुढ्यात एक पोलादी चकती असते, ती कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेली. दोघींच्या मध्ये साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटरची फट. पुलीच्या मागे तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइलला करंट मिळाला की चकती खेचली जाते, 'टक्' असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. मिस्त्री लोक म्हणतात, "क्लच बसला." करंट गेला की चकती सुटते, पुली एकटीच फिरत राहते. एवढंच यंत्र. पण त्या कॉइलपर्यंत करंट पोचायला किती जणांची परवानगी लागते, ते पाहण्यासारखं आहे.

डॅशबोर्डवरचं एसीचं बटण दाबणं हा फक्त अर्ज असतो. ब्लोअर चालू आहे का, हे आधी पाहिलं जातं. कूलिंग कॉइलवरचा तापमानाचा सेन्सर सांगतो की कॉइल गोठलेली नाही. गॅसच्या नळीवरचा प्रेशर स्विच सांगतो की दाब फार कमी नाही आणि फार जास्तही नाही. मग इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात सगळे ईसीएम म्हणतात, इंजिन तापलंय का, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलाय का, आयडलिंग पडतंय का ते तपासतो. सगळं जमलं तर तो रिलेला इशारा देतो, रिले बसतो, फ्यूजमधून करंट क्लचकडे जातो आणि अर्थवाटे बॅटरीला परततो. सरकारी फाईल जशी एका टेबलावर अडली तरी मंजुरी येत नाही, तसंच हे. फरक इतकाच, की इथे फाईल कुठे अडलीय ते पंधरा मिनिटांत मोजून सांगता येतं. मोजायची तयारी मात्र हवी.

पहिली पाहणी फुकट असते. इंजिन चालू ठेवायचं, ब्लोअर आणि एसी लावायचा आणि बॉनेट उघडून कॉम्प्रेसरच्या तोंडाशी टॉर्च मारायचा. ओढणी, टाय, सैल बाही पट्ट्यापासून लांब. पुली तर फिरणारच. तिच्या पुढची चकती फिरतेय का, हे बघायचं. चकती फिरतेय आणि तरी हवा गरम येतेय, तर शोध गॅस, कॉम्प्रेसरचे आतले भाग, पंखा किंवा डॅशबोर्डमागची हवेची झडप यांच्याकडे वळतो. चकती स्वस्थ असेल, तर प्रश्न बहुधा विजेचा. गॅसची गळती असली तरी तिची बातमी अशा वेळी प्रेशर स्विचच्या तारेतूनच येते.

दुसरी पाहणी साखळी मधोमध तोडण्याची. एका टोकापासून एकेक भाग तपासत जाणारा मिस्त्री दुपारपर्यंत तिथेच असतो. शहाणा माणूस रिलेपाशी जातो, कारण रिले हा या साखळीचा मध्य आहे. बहुतेक गाड्यांत तो बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये असतो आणि झाकणावर त्याचं चित्र असतं. रिलेला चार पाय. जर्मन मानकानुसार त्यांना आकडे दिलेले: ३० वर बॅटरीचा करंट कायम येतो, ८७ मधून तो क्लचकडे जातो, ८५ आणि ८६ या रिलेच्या स्वतःच्या छोट्या कॉइलच्या तारा. रिले उपटून ३० आणि ८७ यांच्यामध्ये फ्यूज लावलेली तार दोन-चार सेकंद धरायची. 'टक्' झालं, तर क्लच, त्याची तार आणि अर्थ तिन्ही शाबूत. दोष रिलेत किंवा हुकूम देणाऱ्या बाजूला. 'टक्' झालं नाही, तर मागच्या सगळ्या सेन्सरांना आणि संगणकाला तूर्तास सोडून द्यायचं आणि रिलेपासून क्लचपर्यंतचा दीड-दोन मीटरचा पल्ला तपासायचा. एका चाचणीत निम्मी गाडी संशयातून मुक्त होते.

दोन-चार सेकंद म्हणजे तेवढेच. कारण 'डायरेक्ट' केलेला कॉम्प्रेसर कुणालाच विचारत नाही, दाबाच्या स्विचलाही नाही. गॅस नसताना तो फिरवत ठेवला तर गॅसबरोबर फिरणारं तेलही त्याला मिळत नाही आणि तो जाम होतो. काही रस्त्याकडेची गॅरेजं हाच 'डायरेक्ट'चा उपाय कायमचा करून देतात. त्या दिवशी गाडी थंड होते, गिऱ्हाईक खूश होतं. महिन्याभरात नवा कॉम्प्रेसर घ्यायची पाळी येते.

रिलेच्याच बाबतीत आणखी एक सोपी युक्ती आहे. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच जातीचा असतो. क्रमांक जुळत असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहायची. एसी चालू झाला आणि हॉर्न मुका झाला, की निदान पूर्ण. रिलेची किंमत एसीच्या कुठल्याही दुरुस्तीच्या मानाने चिल्लर आहे, पण त्याच्या आतली टोकं ठिणग्यांनी जळून काळी पडतात आणि तो बाहेरून मात्र नवा दिसत राहतो.

आता त्या दीड-दोन मीटरच्या पल्ल्याकडे. इथे सर्वांत जास्त फसवणूक मल्टिमीटर करतो, म्हणजे मल्टिमीटर खरं सांगतो पण विचारणारा चुकीचा प्रश्न विचारतो. क्लचचं सॉकेट काढलं, मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले, "करंट येतोय, कॉइल गेली" असं जाहीर झालं. पण डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट खेचत नाही. तारेचे सगळे धागे तुटून एकच उरला असेल, किंवा सॉकेटच्या पिनेवर हिरवा गंज चढला असेल, तरी तो मीटर पूर्ण १२ व्होल्टच दाखवणार. क्लचला मात्र तीन-चार ॲम्पिअर लागतात, आणि तेवढा करंट त्या एका धाग्यातून जाऊ लागला की व्होल्टेज वाटेतच संपतं. जुने वायरमन मीटर घरी ठेवून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि दोन तारा घेऊन फिरतात, ते अडाणीपणाने नव्हे. तो बल्ब पावणेदोन ॲम्पिअर खेचतो. तार कमजोर असेल तर तो मिणमिणतो. खोटं बोलायला त्याला जमतच नाही. मात्र हा बल्ब क्लचच्या, पंख्याच्या जाड तारांवरच लावायचा. ईसीएमकडे जाणाऱ्या बारीक तारांवर लावला तर संगणकच दगावू शकतो, आणि तो बदलण्याचा खर्च ऐकून मालकाला एसीशिवायच घाम फुटेल.

मीटर वापरायचा तर चालू सर्किटवर, जोडणी न काढता. समजा क्लचच्या कॉइलचा रोध ३.६ ओहम आहे आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट आहेत. सगळं नीट असेल तर ३.७५ ॲम्पिअर वाहतील. आता अर्थच्या नटाखाली गंज धरला आणि त्याने फक्त ०.७ ओहमची अडचण उभी केली. एकूण रोध ४.३ ओहम, करंट ३.१४ ॲम्पिअरवर, आणि सव्वादोन व्होल्ट त्या नटावरच खर्च. क्लचच्या वाट्याला ११.३. हे पकडायचं कसं? मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल तार क्लचच्या अर्थच्या टोकाला, आणि एसी चालू. नीट अर्थवर ०.१-०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. दोन व्होल्ट दिसले की पाना घ्यायचा, नट सोडायचा, पॉलिशपेपरने घासायचा. दहा रुपयांचं काम. जॉर्ज ओहम याने आपला नियम १८२७ साली ग्रंथात मांडला. गाडीतल्या वायरिंगच्या चोऱ्या पकडायला अजून त्याच्यापेक्षा चांगला हवालदार सापडलेला नाही.

बऱ्याच गाड्यांत क्लचला तार एकच येते आणि अर्थ कॉम्प्रेसरच्या अंगातून, म्हणजे ब्रॅकेट आणि इंजिनातून जातो. तिथे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारा अर्थचा पट्टा सैल असेल तर मजेशीर लक्षणं दिसतात: हेडलाइट लावला की एसी सुटतो, स्टार्टर जड फिरतो. अशा गाडीला गॅस भरणं म्हणजे शुद्ध विनोद.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे: सकाळी चालतो, दुपारी बंद. यामागचा सर्वांत देखणा गुन्हेगार म्हणजे क्लचची फट. चकती आणि पुली वर्षानुवर्षं घासून झिजतात, फट वाढते. सकाळी कॉइल थंड असते, तिचा रोध कमी, करंट भरपूर, चुंबक वाढलेल्या फटीवरूनही चकती ओढून घेतो. दुपारी इंजिनाच्या उष्णतेने कॉइल तापते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २५ अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल १०५ अंशांना ४.७ ओहमची होते. करंट ३.७५ वरून २.८६ वर. आणि चुंबकाची ओढ करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. फट मोठी, ओढ कमी. चकती सिग्नलला एकदा सुटली की पुन्हा बसत नाही. गाडी तासभर सावलीत उभी राहिली की बसते. मालकाला वाटतं, गॅरेजवाल्याला दाखवायला नेली की मुद्दाम चालते!

याची परीक्षा अशी: एसी बंद पडला त्याच क्षणी, इंजिन बंद करून, फटीत फीलर गेजची पात घालून माप घ्यायचं. फट जास्त असेल तर दांड्यावरची पातळ चकतीसारखी शिम काढून ती कमी करता येते, चकती फार झिजली नसेल तर. काही मिस्त्री नवा कॉम्प्रेसरच सुचवतात. त्यांच्याकडे फीलर गेज आहे का, हे आधी विचारावं.

फ्यूज पुन:पुन्हा उडत असेल तर कथा वेगळी. कॉइलचे वेढे आतल्या आत चिकटले की रोध उतरतो, करंट वाढतो. किंवा तार कुठेतरी पट्ट्याला नाहीतर गरम पाइपाला घासून सोललेली असते. तिसरा संशयित फारसा कुणाला आठवत नाही: क्लचच्या तारांत लपवलेला एक छोटा डायोड. क्लच सुटताना कॉइलमधून उलट्या दिशेचा विजेचा झटका निघतो, तो हा डायोड गिळतो. डायोड शॉर्ट झाला तर फ्यूज उडतो. उघडा पडला तर झटके मोकाट सुटतात, रिलेची टोकं जळतात आणि क्लच सुटताना रेडिओत कडकड ऐकू येते. फ्यूजच्या जागी जास्त ॲम्पिअरचा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालणाऱ्यांनी गाडी पेटण्याची तयारी ठेवावी.

हुकूम देणाऱ्या बाजूला सगळ्यांत बदनाम म्हणजे प्रेशर स्विच. खालच्या टोकाला सुमारे दोन बार आणि वरच्या टोकाला सुमारे तीस बार, या दोन मर्यादांबाहेर तो सर्किट तोडतो. इथे गेजचा खरा उपयोग होतो, पण इंजिन बंद असताना. बराच वेळ उभ्या असलेल्या गाडीत आर-१३४ए गॅसचा दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो: ३० अंशांना साधारण पावणेसात बार, ४० अंशांना सव्वानऊच्या आसपास. दाब इतका असूनही स्विच उघडा असेल तर स्विच वाईट. दाब एक-दीड बारवर आला असेल तर स्विच आपलं कर्तव्य चोख बजावतोय, गळती शोधा. मात्र दाब पुरेसा दिसला म्हणून गॅस पुरेसा आहे असं नाही. आत थोडाही द्रव उरला असेल तोवर दाब तेवढाच राहतो. गॅस नेमका किती, हे तो यंत्राने बाहेर काढून वजन केल्याशिवाय कळत नाही. बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये आकडा छापलेला असतो, तो बघून भरणारी गॅरेजं किती, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या गावात सोडवावा.

नव्या गाड्यांत स्विचच्या जागी तीन तारांचा सेन्सर असतो. एका तारेवर ५ व्होल्ट, एक अर्थ, आणि तिसरीवर दाबानुसार साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टचा सिग्नल. जुन्या सवयीने इथे टोकं तारेने जोडून जंप मारली तर तीच ५ व्होल्टची तार इतर सेन्सरांनाही पुरवठा करत असल्यास इंजिनच बंद पडू शकतं. हात जुने आणि गाडी नवी, यातून होणारे घोटाळे गॅरेजांत रोज दिसतात.

कूलिंग कॉइलवरचा सेन्सर तर विनोदी प्रकार करतो. तो थर्मिस्टर: तापमान उतरलं की रोध वाढतो. त्याची तार तुटली की रोध अनंत होतो, आणि संगणकाच्या हिशेबाने कॉइल उणे ४० अंशांवर जाते. मे महिन्यात जळगावला पारा पंचेचाळिसाच्या घरात, आणि स्कॅनरच्या पडद्यावर उणे ४०! बिचारा संगणक बर्फ वितळण्याची वाट बघत कॉम्प्रेसर बंद ठेवतो. उलट हा सेन्सर शॉर्ट झाला तर कॉइल सतत गरम भासते, कॉम्प्रेसर सुटतच नाही, कॉइलच्या पात्यांमध्ये बर्फ साचतो आणि लांबच्या प्रवासात जाळीतून येणारा वाराच आटतो.

पंख्याचा दोष ओळखायला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे पुरतो. ऐंशीच्या वेगाने एसी उत्तम, खालापूर टोलनाक्याच्या रांगेत गरम वारा. धावत्या गाडीत समोरचा वारा गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कन्डेन्सर थंड करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. पंखा फिरला नाही की दाब चढत जातो, वरची मर्यादा ओलांडली की स्विच कॉम्प्रेसर तोडतो. पंख्याच्या मोटरचे कार्बन झिजले असतील तर बाहेरून हलकी टिचकी मारली की ती फिरू लागते; मग ती दुरुस्तीला जायची वेळ झाली असं समजावं. ही मोटर दहा-वीस ॲम्पिअर खाते, त्यामुळे तिचं सॉकेट वितळलेलं असणं ही नित्याची गोष्ट.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरावर चालत असेल तर निदान गाडीत न बसताही होतं. पहिल्या तीन वेगांचा करंट रेझिस्टरमधून जातो, चौथा थेट. रेझिस्टर जळला. पण तो का जळला, हे विचारणारा मिस्त्री विरळा. हवेच्या झोतात ठेवलेला हा रेझिस्टर केबिन फिल्टर धुळीने बुजला की तापतो, किंवा ब्लोअरचे बुश जाम होऊन मोटर जादा करंट खेचते. नुसता रेझिस्टर बदलला तर दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा जळणार.

उलट, काही 'बिघाड' बिघाडच नसतात. खंबाटकी घाटात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की एसी काही क्षण सुटतो, तो संगणकाने इंजिनाची ताकद चाकांसाठी राखून ठेवली म्हणून. चढावर बराच वेळ बंद राहत असेल, तर इंजिनाचं पाणी तापलंय का ते आधी पाहावं. तिथे एसी हा रोगी नसून खबऱ्या आहे.

हवामानाचा हिशेब वेगळाच. मालवण, रत्नागिरी, गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा अर्थच्या नटांना आणि सॉकेटच्या पिनांना हिरवी पुटं चढवते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा बुडालेल्या गाडीचं इंजिन उघडून, तेल बदलून चालू होतं, पण वेष्टणाच्या आतून तारेत शिरलेलं पाणी तांबं काळं करत राहतं, आणि बिघाड कित्येक महिन्यांनी उगवतो. जुनी गाडी घेताना कार्पेट उचलून बघावं, तसंच एखादं सॉकेट उघडूनही बघावं.

आणि उंदीर. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उबदार इंजिनाशेजारी बिऱ्हाड करणारा उंदीर तारा कुरतडतो, आणि पुढच्या बाजूला असलेल्या पंख्याच्या व प्रेशर स्विचच्या तारा त्याला सहज सापडतात. होंडा कंपनी मिरचीतलं कॅप्सायसिन लावलेली टेप विकते, ती याचसाठी. कुरतडलेली तार नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली, तर इंजिनाच्या उष्णतेने टेपचा डिंक विरघळतो, ती उलगडते, पाणी शिरतं. क्रिंप किंवा डाग देऊन वर आकुंचन पावणारी स्लीव्ह चढवायला दहा मिनिटं जास्त लागतात.

प्रीमियर पद्मिनीत बाहेरून बसवलेल्या एसीला स्विच, थर्मोस्टॅट, रिले, क्लच इतकाच संसार होता; कोणताही वायरमन तो तोंडपाठ सांगे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर हद्दपार झाल्या. आता बटणातून करंट नव्हे, निरोप जातो. बॉशने १९८६ मध्ये जगापुढे ठेवलेल्या कॅन पद्धतीत दोन पिळलेल्या तारांवरून सगळे संगणक एकमेकांशी बोलतात. त्यामुळे स्कॅनर लागतोच. पी०५३२ म्हणजे गॅसदाबाच्या सेन्सरच्या सर्किटचा सिग्नल कमी, पी०५३३ म्हणजे जास्त, पी०६४५ म्हणजे क्लचच्या रिलेचं सर्किट, पी०४८० म्हणजे पंख्याचं. शब्द नीट वाचायचा: 'सर्किट'. कोड सेन्सर खराब आहे असं म्हणत नाही. सेन्सर, त्याचं सॉकेट, त्याची तार यांपैकी कुठेतरी गडबड आहे, एवढंच म्हणतो. स्कॅनर लावून थेट सेन्सर बदलणारे आणि गॅस भरणारे, दोघांची जात एकच. शहाणे लोक कोडपेक्षा चालू आकडे बघतात: एसीची मागणी पोचली का, परवानगी मिळाली का, दाब किती, कॉइलचं तापमान किती. मागणी 'होय' आणि परवानगी 'नाही' दिसली, की कोण अडवतंय ते त्याच पडद्यावर सापडतं. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाचे कोड वाचतात, पण केबिनच्या एसीच्या वेगळ्या मॉड्यूलपर्यंत बरेचदा पोचत नाहीत.

काही नव्या गाड्यांत तर 'टक्'ही उरलेला नाही. तिथल्या कॉम्प्रेसरला क्लच नसतो. पुली आणि दांडा सतत एकत्र फिरतात आणि एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह दट्ट्यांची धाव कमी-जास्त करतो. पॅकार्डची कल्पना नव्या रूपात परत आली म्हणा. या व्हॉल्व्हला सेकंदाला शेकडो वेळा तोडून-जोडून करंट मिळतो, त्यामुळे साधा मीटर सरासरीचा काहीतरी आकडा दाखवतो. क्लॅम्प मीटर किंवा ऑसिलोस्कोप हवा.

इलेक्ट्रिक गाडीत खेळच बदलतो. पुण्याजवळ रांजणगावात तयार होणारी, २०२० च्या जानेवारीत आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही किंवा तिच्या जातीची कोणतीही गाडी घ्या: कॉम्प्रेसरला पट्टा नाही, आत स्वतःची मोटर, आणि तिला तीनशे व्होल्टच्या वरचा पुरवठा नारिंगी केबलमधून. मानकांनुसार ६० व्होल्ट डीसीच्या पुढे धोका धरतात. इथे टेस्ट लॅम्प, जंप, 'डायरेक्ट' हे शब्द विसरायचे. हजार व्होल्टचे रबरी हातमोजे, सर्व्हिस डिस्कनेक्ट, कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबणं, आणि मग मोजणं. या कॉम्प्रेसरचं तेलही वेगळं, वीज न वाहणारं. साध्या गाडीत चालणारं पीएजी तेल गॅस भरताना चुकून गेलं तर मोटरचं इन्सुलेशन घसरतं आणि सुरक्षाप्रणाली गाडी सुरूच होऊ देत नाही. म्हणजे 'थोडा गॅस मारून बघू' या सवयीने इथे एसीच नव्हे, गाडीच उभी राहू शकते. ज्या गाड्यांत बॅटरीही एसीच्याच गॅसने थंड होते, तिथे एसीचा दोष उन्हाळ्यात जलद चार्जिंग मंदावण्यातही दिसतो.

गॅसचा मोह टाळण्याला आणखी एक कारण आहे. आर-१३४ए चा एक किलो हवेत सुटला तर तो शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. छोट्या गाडीतला साडेचारशे ग्रॅम गॅस 'जुना काढून नवा भरू' म्हणून नळी उघडून सोडून दिला, तर ते सुमारे २८० लिटर पेट्रोल जाळण्याच्या बरोबरीचं होतं. आणि बिघाड होता अर्थच्या नटाखाली.

तेव्हा गॅरेजला जाण्याआधी कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: एसी थंड इंजिनावर बंद पडतो की गरम, उभ्या गाडीत की धावत्या, ब्लोअर सगळ्या नंबरांवर चालतो का, आणि बंद पडल्यावर क्लचची चकती फिरत असते का. तिथे पोचल्यावर एकच प्रश्न विचारावा: एसी चालू असताना क्लचला किती व्होल्ट मिळाले? आकडा सांगितला तर गाडी त्यांच्याकडे ठेवावी. "बघायची गरज नाही, गॅसच आहे" असं उत्तर आलं, तर किल्ली परत घ्यावी.